वर्कस्टेशनची सुरक्षितता (ग्रेट ब्रिटन)

संगणकावर काम करणाऱ्याची खुर्ची, टेबल, स्क्रीन, कीबोर्ड, उजेड आणि भोवतालची जागा मिळून वर्कस्टेशन होते. या जागेपायी मान, पाठ, मनगट किंवा डोळे दुखणीला लागू नयेत म्हणून मालकाने आणि कर्मचाऱ्याने काय करायचे, हे ग्रेट ब्रिटनमध्ये कायद्याने ठरवून दिले आहे. युरोपीय समुदायाच्या १९९० च्या निर्देशावरून तेथे १९९२ मध्ये ‘डिस्प्ले स्क्रीन इक्विपमेंट’ नियमावली तयार झाली आणि १ जानेवारी १९९३ पासून अमलात आली. युरोपीय संघ सोडल्यावरही ब्रिटनने ती कायम ठेवली.

जो कर्मचारी जवळजवळ रोज, सलग तासभर किंवा जास्त वेळ स्क्रीनपुढे असतो, तो या नियमांत बसतो. घरून काम करणाराही त्यात येतो. गाडीच्या केबिनमधली स्क्रीन, दुकानातले गल्ल्याचे यंत्र, कॅल्क्युलेटर यांना नियम लागू नाहीत.

मालकाचे पहिले काम म्हणजे प्रत्येक वर्कस्टेशन तपासून धोके हेरणे आणि ते कमी करणे. महागडी खुर्ची आणून टाकली की काम संपले, असा समज सर्रास आढळतो. पण नियमांचा रोख खुर्चीच्या किमतीवर नाही, ती बसणाऱ्याला जुळते की नाही यावर आहे. उंचीने कमी असलेल्या व्यक्तीचे उदाहरण घेऊ. कोपर कीबोर्डच्या पातळीत यावे म्हणून खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते. अशा वेळी पायाखाली पाट हवा, आणि ज्याला तो हवा असेल त्याला मालकाने दिलाच पाहिजे, असे नियमावलीच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे. खुर्चीची उंची आणि पाठीचा कल बदलता यावा, स्क्रीनवर उजेडाची तिरीप येऊ नये, कीबोर्ड स्क्रीनपासून सुटा असावा, हेही त्यातच येते. लॅपटॉप दिवसभर वापरायचा असेल तर वेगळा कीबोर्ड लागतो तो यामुळेच. याच परिशिष्टात एक अनपेक्षित अट आहे : कर्मचाऱ्याच्या नकळत त्याचे काम मोजणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये वापरता येत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या नियमातले हे कलम आज जास्तच लागू पडते.

कामाच्या मध्ये विसावा मिळेल किंवा कामाचा प्रकार बदलेल, अशी आखणी मालकाने करायची असते. किती मिनिटे, हे नियम सांगत नाहीत. मात्र दोन तासांनी २० मिनिटे थांबण्यापेक्षा दर तासाला ५ ते १० मिनिटे बरी, असा हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी यंत्रणेचा सल्ला आहे. कर्मचाऱ्याने मागितल्यास डोळे तपासून द्यायचे, तेही मालकाच्या खर्चाने. चष्म्याचे पैसे मात्र सरसकट मिळत नाहीत. नेहमीचा चष्मा स्क्रीनच्या अंतराला पुरत नसेल आणि त्या कामापुरता खास चष्मा लागत असेल, तरच मालक पैसे देतो. यावरून वाद होतात. शिवाय प्रशिक्षण व माहिती देणे हेही मालकाकडेच.

कर्मचाऱ्याची बाजू १९७४ च्या आरोग्य व सुरक्षा कायद्यातून येते. कलम ७ नुसार त्याने स्वतःची व इतरांची वाजवी काळजी घ्यायची आणि मालकाला सहकार्य करायचे. कलम ८ नुसार सुरक्षेसाठी दिलेल्या वस्तूंशी जाणूनबुजून खेळ करायचा नाही. व्यवहारात याचा अर्थ साधा आहे : शिकवल्याप्रमाणे खुर्ची जुळवून घ्यायची, मिळालेला विसावा खरोखर घ्यायचा, मनगटाला मुंग्या येऊ लागल्या तर लगेच सांगायचे. ‘होईल बरे’ म्हणत महिनोन्महिने गप्प बसले तर तपासणीचा कागद निर्दोषच दिसत राहतो. तरी दोन्ही पारडी समान नाहीत. जागा, सामान आणि कामाची वेळ मालकाच्या हाती असल्याने मोठा भार त्याच्यावर आहे. कायद्याने बंधनकारक असलेल्या सोयीसाठी कर्मचाऱ्याकडून पैसे घेण्यास कलम ९ मनाई करते.

पुण्यात किंवा ऐरोलीत बसून ब्रिटिश ग्राहकाचे काम करणाऱ्यांना ही नियमावली लागू होत नाही. त्यांच्यासाठी भारतीय कायदा. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कलम ६ मध्ये मालकाची, तर कलम १३ मध्ये कर्मचाऱ्याची कर्तव्ये आहेत. ती सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. पायाखालच्या पाटाचा उल्लेख त्यांत नाही.