कामावर रुजू होताना अंगावरचं दूध काढणं आणि साठवणं
पंप विकत किंवा भाड्यानं नेणाऱ्या मातांसाठी माहितीपत्रक

रजा संपायला दोन-तीन आठवडे उरले असताना तयारीला लागलात तरी वेळ पुरतो. त्याआधी घाई नको. पहिला सव्वा महिना बाळाला अंगावरच पाजा. दूध किती तयार व्हायचं, हे त्या दिवसांत बाळाच्या ओढण्यावर ठरत असतं. तेव्हा उगाच जास्तीचं काढत राहिलं की छाती दाटण्याचा त्रास मागे लागतो. बाळ काचेच्या पेटीत असेल किंवा त्याला ओढता येत नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पहिल्या दिवसापासून, डॉक्टर सांगतील तसं, दूध काढावंच लागतं.

किती दूध लागेल

एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवस-रात्र मिळून साधारण ७५० ते ८०० मिली दूध पितं. कुणी ६०० वर भागवतं, कुणाला ९०० लागतं. हिशोबाला सोपं म्हणून तुम्ही घराबाहेर असाल त्या प्रत्येक तासाला ३० मिली धरा. अमळनेरहून जळगावला रेल्वेनं अप-डाऊन करणारी आई सकाळी साडेआठला निघून संध्याकाळी साडेसहाला परतत असेल, तर दहा तासांचे ३०० मिली. ते ७५ मिलीच्या चार वेळांत वाटून ठेवा. उरलेलं बाळ तुमच्याकडूनच पिणार आहे: पहाटे, आल्याबरोबर आणि रात्री.

म्हणून फ्रीझर भरून ठेवण्याच्या मागे लागू नका. मोबाइलवर पाकिटांनी भरलेले फ्रीझर पाहून कित्येक जणी घाबरून आमच्याकडे येतात. तुम्हाला लागतं ते पहिल्या दिवसाचं दूध आणि अडीअडचणीला आणखी दोनशे-अडीचशे मिली. रुजू झाल्यावर आज कामावर काढलेलं दूध उद्या बाळ पितं आणि शनिवारचं सोमवारी. साखळी अशीच चालते.

साठवणीची सुरुवात सकाळी करा. पहाटेचं पाजून झालं की पाऊण-एक तासानं, दिवसातून एकदाच काढा, कारण रात्रीनंतर सकाळी दूध जास्त असतं. पहिले तीन-चार दिवस वीस-तीस मिलीच निघेल. बाळ नुकतंच पिऊन गेलेलं असतं, त्यामुळे तेवढंच निघणार. त्यावरून “मला दूधच नाही” असं ठरवू नका.

पंप अंगाला बसवणं

सगळ्यात जास्त तक्रारी फनेलच्या मापाच्या असतात. फनेल म्हणजे छातीला लावायचं नरसाळं. बहुतेक खोक्यांत २४ मिमीचं येतं आणि पुष्कळ जणींना ते मोठं होतं. पट्टीनं स्तनाग्राची रुंदी बुंध्याशी मोजा, भोवतीचा गडद भाग धरू नका. त्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं फनेल घ्या. १५ मिमी असेल तर १७ किंवा १८. माप मोठं असलं की गडद भागही नळीत ओढला जातो, सूज येते आणि दूध कमी निघतं. लहान असलं की स्तनाग्र कडांना घासतं आणि काढून झाल्यावर पांढरं पडलेलं दिसतं. दोन्ही बाजूंचं माप वेगळं असू शकतं, म्हणून दोन्ही मोजा.

सुरुवात हलक्या, भरभर ओढणाऱ्या मोडवर करा. एक-दोन मिनिटांत पान्हा फुटतो: छातीत मुंग्या आल्यासारखं वाटतं आणि थेंबांची धार होते. मग हळू, खोल ओढणाऱ्या मोडवर जा. दुखणार नाही एवढीच ओढ ठेवा. ओढ वाढवली म्हणजे दूध वाढतं हा समज चुकीचा आहे. दुखलं की पान्हा अडतो आणि उलट कमीच निघतं. एका वेळेला १५ ते २० मिनिटं पुरे. दोन्ही बाजूंना एकदम लावता येणारा पंप असेल तर वेळ निम्मा लागतो. धार थांबल्यावर दोन मिनिटं हातानं काढा. शेवटचं दूध जास्त स्निग्ध असतं.

हातानं काढायला प्रत्येकीनं शिकावं. पंपाचं चार्जिंग संपतं, व्हॉल्व्ह फाटतो, आणि नेमका त्या दिवशी साहेबांचा दौरा असतो. हात धुवा. अंगठा वर, पहिलं बोट खाली, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे, इंग्रजी सी अक्षरासारखं धरा. आधी बोटं छातीकडे मागे दाबा, मग एकमेकांकडे आणा, मग सोडा. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत आणि स्तनाग्र पिळायचं नाही, पिळून दूध येत नाही. आधी काहीच येणार नाही, मिनिटभरानं थेंब सुरू होतील. आटलं की बोटं घड्याळाच्या काट्यासारखी थोडी सरकवा, म्हणजे सगळ्या भागांतलं निघतं.

उन्हाळा आणि लोडशेडिंग

दूध बाहेर चार तास टिकतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तो नियम २५ अंशांपर्यंतचा आहे. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये कुलर चालू असला तरी खोली ३५ च्या खाली येत नाही. तेव्हा आपल्याकडे फेब्रुवारीच्या अखेरपासून जूनपर्यंत नियम एकच: काढलं की लगेच फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीत. टेबलावर ठेवून मीटिंगला जाऊ नका.

फ्रिजमध्ये, म्हणजे ४ अंशांना, दूध चार दिवस टिकतं. मागच्या भिंतीजवळ ठेवा, दारात नाही. दार उघडलं की तिथे आधी गरम हवा लागते. वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये सहा महिन्यांच्या आत वापरलेलं उत्तम. एकाच दाराच्या फ्रिजमधल्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नका, तिथली थंडी सारखी वर-खाली होते. भांडं घट्ट झाकणाचं हवं: काचेची किंवा फूड-ग्रेड प्लास्टिकची बाटली, साठवणीची पाकिटं, नाहीतर स्टीलची डबी. गोठवताना एका वेळेला लागेल तेवढंच, ६० ते ७५ मिली भरा. वर बोटभर जागा सोडा, कारण गोठताना दूध फुगतं. तारीख लिहा आणि जुनं आधी वापरा. ताजं कोमट दूध गार दुधात ओतू नका, आधी फ्रिजमध्ये गार करा आणि मग मिसळा.

प्रवासात जाड अस्तराची पिशवी आणि जेलची पाकिटं लागतात. ती रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवून दगडासारखी कडक झालेली असावीत. बाटलीला चारी बाजूंनी टेकतील अशी लावा, मध्ये पोकळी राहिली तर थंडी टिकत नाही. नीट भरलेल्या पिशवीत दूध २४ तासांपर्यंत चालतं. पिशवी उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत ठेवली की हे सगळं वाया जातं. शंका नको म्हणून घरी पोहोचल्यावर आधी हात लावून पाहा: जेल अजून थोडं तरी गोठलेलं असायला हवं.

लाइट गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो. गोठलेल्या दुधात बर्फाचे खडे शिल्लक असतील तर लाइट आल्यावर ते पुन्हा गोठवता येतं. पूर्ण वितळलं पण अजून थंड असेल, तर फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत संपवा आणि पुन्हा गोठवू नका.

घरी पाजणाऱ्यांसाठी (हा भाग आजीला वाचून दाखवा)

अंगावरचं दूध उकळायचं नाही. म्हशीच्या दुधाची सवय असते म्हणून पातेलं गॅसवर जातं, आणि उकळलं की त्यातले रोगापासून वाचवणारे घटक मरतात. डबी कोमट पाण्याच्या वाटीत ठेवा, पाच-दहा मिनिटांत होतं. मायक्रोवेव्ह नको, त्यात दूध एकीकडे गार आणि दुसरीकडे चटका देणारं होतं. वर सायीसारखा थर दिसेल, खाली पाणचट दिसेल. ते नासलेलं नाही. हलक्या हातानं गोल फिरवा, मिसळतं. पाजून उरलेलं उष्टं दूध दोन तासांत द्या, नाहीतर टाका.

वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजा. बाळाला मांडीवर उभट धरा, चमचा खालच्या ओठाला टेकवा आणि त्याला जिभेनं ओढू द्या, घशात ओतू नका. पाजायच्या बाटल्यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. आम्ही त्या ठेवतही नाही. पंपाला लावलेली बाटली फक्त दूध साठवायची आहे. रुजू होण्याआधी आठवडाभर रोज एकदा आजीनं किंवा बाबांनी पाजून सराव करा, आणि तेव्हा आईनं दुसऱ्या खोलीत असावं. आईचा वास आला की बाळ चमच्याला तोंड लावत नाही.

साठवलेल्या दुधाला साबणासारखा वास आला तर त्यातलं लायपेज नावाचं द्रव्य स्निग्धांश फोडतं आहे. दूध खराब नसतं, पण काही बाळं पीत नाहीत. अशा वेळी ताजं काढलेलं दूध गोठवण्याआधी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवा, उकळी येऊ देऊ नका, आणि बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून पटकन गार करा. तेवढ्यापुरती ही एकच सूट. वास आंबट, नासका असेल तर टाकूनच द्या.

कामाच्या जागी

दर तीन तासांनी काढायचं. दहा तासांच्या दिवसात तीनदा, निदान दोनदा. वेळ चुकवली की आधी छाती दगडासारखी होते, मग दूध कमी होतं. रिकामं झालं तरच शरीर पुढचं तयार करतं. अळीव, डिंकाचे लाडू, शतावरी खायला चांगलीच, पण काढण्याची वेळ चुकली तर ती भरून काढत नाहीत.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० नुसार बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुटीखेरीज दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ मिळतो. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभाही तीत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही संहिता लागू होण्याआधी याच तरतुदी मातृत्व लाभ कायदा १९६१ आणि त्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत होत्या. कायद्यातला शब्द पाजण्याचा आहे, म्हणून बाळ घरी असेल तर तोच वेळ दूध काढण्यासाठी रुजू होण्याआधी लेखी मागा. प्रवासात अडलात तर एसटी स्टँडवरचा हिरकणी कक्ष विचारा.

गाठ आली तर पाजणं किंवा काढणं थांबवू नका. थंड फडकं ठेवा, जोरात चोळू नका. लाल चट्टा, थंडी-ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

धुणं आणि दुरुस्ती

दूध लागलेला प्रत्येक भाग वापरल्यावर सुटा करून वेगळ्या पातेल्यात साबणानं धुवा, बेसिनमध्ये नाही. ऑफिसात नळाची सोय नसेल तर दोन-तीन संच न्या. दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळा आणि स्वच्छ फडक्यावर वाळू द्या, टॉवेलनं पुसू नका. बोअरच्या जड पाण्यात उकळलं की पांढरा थर बसतो आणि व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. फिल्टरचं पाणी वापरा.

ओढ कमी झाली की मोटर बिघडली असं वाटतं. बहुतेक वेळा तो लहान रबरी व्हॉल्व्ह असतो. उजेडाकडे धरून पाहा: चीर उघडी राहिली तर बदला. ब्रशचं टोक चिरेत घालू नका, तिथूनच तो फाटतो. रोज तीनदा वापर असेल तर दीड-दोन महिन्यांत नवा लागतोच. हवेची नळी धुवायची नाही. आत वाफ दिसली तर पंप नुसता दोन-तीन मिनिटं चालवा. दूध शिरलं किंवा काळे ठिपके दिसले तर नळी टाका.

जावेचा किंवा बहिणीचा जुना पंप वापरणार असाल तर आधी आम्हाला दाखवा. साध्या पंपात दूध मोटरपर्यंत जाऊ शकतं आणि तिथे साफ करता येत नाही. भाड्याच्या पंपाची मोटर बंदिस्त असते, संच मात्र प्रत्येकीला नवा घ्यावाच लागतो. तपासायला येताना नुसती मोटर आणू नका, फनेल, व्हॉल्व्ह, नळी, बाटली सगळं आणा.