पाळणाघर आईसाठी आलं, दोन वर्षांचं मूल मागेच राहिलं

नाशिकमधल्या सातपूरच्या एका घरगुती पाळणाघरात परवा सकाळी बसले होते. दोन वर्षांचा एक मुलगा आई दिसेनाशी होईपर्यंत जाळीचं दार धरून उभा राहिला. मग त्यानं वळून मावशींच्या तोंडाकडे पाहिलं. त्या हसल्या, तसा तो चेंडूकडे धावला. अनोळखी प्रसंगी मोठ्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज घेणं हा या वयातला महत्त्वाचा टप्पा आहे. पण पाळणाघरात अशा गोष्टींकडे लक्ष ठेवायचं असतं, हे आपल्याकडे फार उशिरा मान्य झालं.

कायद्यानं पाळणाघराकडे पाहिलं ते कामगार बाईची सोय म्हणून. १९४८ च्या कारखाना कायद्यानं ५० हून जास्त स्त्री कामगार असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली सक्तीची केली. १९७६ मध्ये हा आकडा ३० वर आला. सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये एवढ्या बायका कुठून असणार? तिथल्या आयांची मुलं शेजारच्या मावशींकडे राहिली. सिन्नरची गोष्ट याहून वाईट. १९६६ च्या विडी कामगार कायद्यातही पाळणाघर होतं, पण ते कारखान्याच्या आवारापुरतं. विड्या वळल्या जायच्या घरात. आईच्या मांडीवर तंबाखूचं सूप आणि मूल त्याच सुपाशी बसलेलं.

दुसरी वाट अंगणवाडीची. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना आली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. मात्र तिथलं शिकणं-खेळणं तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. त्याआधीच्या मुलाच्या वाट्याला वजनकाटा, लस आणि घरी न्यायचा शिधा. दोन वर्षांचं मूल नेमकं मधल्या फटीत सापडलं.

टप्पे मोजायची विद्या वाढली दवाखान्यात. अमेरिकेत अर्नोल्ड गेझेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पद्धतशीर मांडली; १९६७ मध्ये डेन्व्हर चाचणी आली. आपल्याकडे बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांवरून अडीच वर्षांपर्यंतचे निकष बसवले. हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण परक्या मुलांच्या मापानं आपलं मूल मोजणं त्यामुळे टळलं.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं मुलांच्या विकासाच्या टप्प्यांची आपली यादी बदलली. पूर्वी निम्मी मुलं जे करतात ते टप्पा म्हणून लिहिलं जाई, त्यामुळे मूल मागे दिसलं तरी ‘थांबून बघू’ म्हणायला जागा राही. आता निदान ७५ टक्के मुलांना जमतं तेच यादीत असतं. दोन वर्षांच्या मुलानं धावावं, चेंडूला लाथ मारावी, चमच्यानं खावं, अंगाचे दोन अवयव दाखवावेत, दोन शब्द जोडावेत. शब्द कुठल्याही बोलीतले चालतात. आपल्या जिल्ह्यात बागलाण-मालेगावकडची कुटुंबं घरी अहिराणी बोलतात. त्यांचं लेकरू ‘माय उनी’ (आई आली) म्हणालं तरी ते दोन शब्दांचं वाक्यच. ‘मराठीत बोलत नाही’ म्हणून त्याला मागे काढू नका. घरातले आणि पाळणाघरातले शब्द एकत्र मोजायचे.

प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा भेटीची मुभा आली. इथं पुरुष कर्मचारीही मोजले जातात, ही मोठी सुधारणा. पुढच्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सांभाळणारी, असं प्रमाण आलं. चौदा-पंधरा मुलं एकटीनं सांभाळणाऱ्या मावशींना कोण काय बोललं हे आठवणार तरी कसं?

२०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातला उशीरही तपासतात. त्याची पथकं लहान मुलांना पाहतात ती अंगणवाडीत. घरगुती पाळणाघरातलं मूल तिथं नसतं. म्हणून त्या सकाळी सातपूरच्या मावशींची वही मी मुद्दाम चाळली. ‘भात अर्धा, शी एकदा, झोप दीड तास’ असं रोज लिहिलेलं. त्याखाली एका पानावर पेन्सिलीनं होतं: ‘आज पाणी दे म्हणाला.’ ते पान संध्याकाळी त्याच्या आईनं मोबाईलवर टिपून घेतलं, पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना दाखवायला.