हृदयाच्या पेशींचा जन्मदाखला

गेल्या आठवड्यात वर्तमानपत्राच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक घरी आलं. 'हार्ट अटॅकनंतर शरीरातल्या झोपलेल्या मूलपेशी जागवा, हृदय नव्यासारखं करा', असा मजकूर आणि खाली कसल्याशा भुकटीची किंमत. दोन महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेल्या माझ्या काकांनी ते जपून ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांच्याशी जे बोललो, तेच इथे लिहितो आहे.

मूलपेशी, म्हणजे ज्यांतून नव्या पेशी घडत राहतात अशा पेशी, आपल्या शरीरात आहेत, हे खरं. अस्थिमज्जेतल्या मूलपेशी आयुष्यभर रक्त बनवत राहतात. त्वचा, आतड्याचं अस्तर हेही सतत नवं होत असतं. पण हृदयाचा स्नायू? माणसाच्या छातीतली एखादी पेशी जन्मापासूनची आहे की मागाहून आलेली, हे ओळखायचं कसं? स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये योनास फ्रिसेन यांच्या गटाने यावर जी युक्ती काढली, तिच्याइतकी देखणी युक्ती मी विज्ञानात फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

१९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर अणुबाँबच्या खूप चाचण्या झाल्या. त्यांतल्या न्यूट्रॉनांमुळे हवेतल्या नायट्रोजनपासून कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, तयार झाला आणि त्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. १९६३च्या करारानंतर अशा चाचण्या बहुतेक थांबल्या; समुद्र आणि झाडं तो कार्बन शोषत गेली, तसं प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. त्यामुळे त्या काळातल्या प्रत्येक वर्षाच्या हवेवर त्या वर्षाचा शिक्काच बसला. हवेतला कार्बन ज्वारीत, कडब्यातून म्हशीच्या दुधात आणि तिथून आपल्यात. पेशीतली प्रथिनं आणि चरबी बदलत राहतात. डीएनए मात्र पेशी विभागण्याआधी नवा बनतो, आणि त्या वेळचा कार्बन त्यात अडकून राहतो. डीएनए हा पेशीचा जन्मदाखलाच झाला!

मृत्यूनंतर मिळालेल्या हृदयांतून या गटाने फक्त स्नायूपेशींची केंद्रकं निवडून काढली. त्यासाठी खूण म्हणून वापरलं ट्रोपोनिन. हार्ट अटॅकचं निदान करताना रक्तात शोधतात तेच प्रथिन. मग कार्बन-१४चं प्रमाण मोजलं. चाचण्यांच्या आधी जन्मलेल्यांच्या हृदयातही बाँबचा कार्बन निघाला. म्हणजे हा डीएनए त्यांच्या जन्मानंतर कित्येक वर्षांनी बनलेला होता. इथे एक गुंता आहे. माणसाच्या हृदयातली बरीच केंद्रकं लहानपणीच डीएनए दुप्पट करतात, पण विभागत नाहीत. हा दुप्पट झालेला डीएनए नव्या पेशीचा भास निर्माण करू शकतो, म्हणून प्रत्येक नमुन्यात त्याची वजावट करावी लागली. एवढं करून २००९ मध्ये उत्तर आलं: पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायूपेशी बदलतात, पंचाहत्तरीत सुमारे ०.४५ टक्का. उभ्या आयुष्यात निम्म्याही नाहीत.

मोठ्या झटक्यात १०० कोटींच्या घरात स्नायूपेशी मरू शकतात. या वेगाने ती भर कशी निघणार? शिवाय ज्या थोड्या पेशी नव्याने येतात, त्या मुख्यतः जुन्या स्नायूपेशींच्याच विभाजनातून येतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. हृदयात स्नायू घडवणाऱ्या मूलपेशींचा साठा दडलेला आहे, हा दावा अमेरिकेतले हृदयसंशोधक पिएरो अनव्हेर्सा यांनी २००३ मध्ये केला होता. त्यावर रुग्णांवरच्या चाचण्याही उभ्या राहिल्या. इतर प्रयोगशाळांना तो साठा सापडेना. शेवटी २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगहॅम रुग्णालयाने त्यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध, बनावट किंवा फिरवलेल्या माहितीमुळे, मागे घेण्याची शिफारस केली. आशेने त्या चाचण्यांत सामील झालेल्या रुग्णांचा विचार आला की मला आजही संताप येतो.

मग प्रयोगांत मूलपेशी टोचल्यावर प्राण्यांची हृदयं थोडी सुधारत होती, ती कशाने? अमेरिकेत सिनसिनाटीतल्या जेफरी मोल्केंटिन यांच्या गटाने उंदरांच्या हृदयात चक्क मेलेल्या पेशी टोचल्या, तरी फायदा झालाच! टोचल्यामुळे दाह होतो, मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी धावून येतात आणि जखमेभोवतीचा व्रण अधिक चिवट होतो. हृदय सुधारलं ते त्यामुळे, नवा स्नायू आल्यामुळे नव्हे.

झेब्रा माशाचं मात्र वेगळं. आपल्याकडच्याच नद्यानाल्यांत राहणारा हा बोटभर मासा, त्याच्या जवनिकेचा, म्हणजे हृदयाच्या रक्त ढकलणाऱ्या कप्प्याचा, पाचवा भाग कापला तरी दोनेक महिन्यांत तो पुन्हा वाढवतो, तोही स्नायूपेशी विभागूनच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशाच्या हृदयावर काम चालतं. खरी आशा मला तिथे दिसते. पिंपळाच्या पानांचा काढा ब्लॉकेज उघडतो, असे जे संदेश फोनवर फिरतात, त्यांत ती नाही. भारतात मूलपेशींचा मान्य उपचार म्हणजे मुख्यतः रक्ताच्या विकारांसाठीचं प्रत्यारोपण. हृदयासाठी पैसे घेऊन कोणी देऊ करत असेल, तर घरच्यांनी त्याला थेट जाब विचारावा.

काकांना हे सगळं सांगितलं. रक्तपुरवठा तुटल्यापासून अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू कायमचा मरू लागतो. काकू त्या पहाटे ॲसिडिटी समजून थांबली नाही, लगेच रिक्षा बोलावली. काकांचा जो स्नायू आज धडधडतो आहे, त्यातला बराचसा त्या रिक्षाने वाचवलेला आहे. काकांनी पत्रक दुमडलं आणि विचारलं, "मग चालायला किती वाजता निघू?"