सिलिकॉनेतर सौरघट : कोकण किनाऱ्यावरील बाजारसंधी

सिलिकॉन सोडून अन्य अर्धवाहक पदार्थांपासून बनवलेले सौरघट. कॅडमियम टेल्युराईड, तांबे-इंडियम-गॅलियम-सेलेनाईड (सीआयजीएस), गॅलियम आर्सेनाईड, पेरोव्हस्काईट, सेंद्रिय पदार्थ आणि रंजकद्रव्ये हे त्यांतील मुख्य प्रकार. जगात विकल्या जाणाऱ्या सौर पॅनेलांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक सिलिकॉनची असतात. उरलेल्या वाट्यातला बहुतेक भाग एकट्या कॅडमियम टेल्युराईडचा आहे. पालघर ते सिंधुदुर्ग या किनारपट्टीत छते, पाऊस आणि खारी हवा या तिन्ही गोष्टी सिलिकॉनच्या नेहमीच्या पॅनेलला अडचणीच्या ठरतात. म्हणून या नव्या पदार्थांचा विचार येथे वेगळा करावा लागतो.

सिलिकॉनची पकड भावामुळे आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने दाखवलेला सिलिकॉन घट ६ टक्के कार्यक्षम होता, म्हणजे अंगावर पडलेल्या उजेडातला तेवढाच भाग विजेत बदलत होता. आज बाजारातले चांगले पॅनेल २२-२३ टक्के देते आणि २०२४ मध्ये चिनी पॅनेलचा भाव वॉटमागे १० अमेरिकी सेंटच्या आसपास उतरला. या भावाशी थेट टक्कर घ्यायला गेलेल्यांचे हाल झाले. अमेरिकेतील सोलिंड्रा ही सीआयजीएस पॅनेल बनवणारी कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि जपानच्या सोलर फ्रंटियरने २०२२ मध्ये सीआयजीएसचे उत्पादन थांबवले. नव्या पदार्थांसमोर त्यामुळे दोनच वाटा उरतात : सिलिकॉन जिथे बसू शकत नाही तिथे जाणे, किंवा सिलिकॉनच्याच पाठीवर बसणे.

दुसरी वाट पेरोव्हस्काईटने धरली आहे. पेरोव्हस्काईट हे एका स्फटिकरचनेचे नाव; तिचे मूळ खनिज १८३९ मध्ये उरल पर्वतात सापडले. सौरघटात वापरतात ती शिसे आणि आयोडीन असलेली संयुगे मात्र कृत्रिम असतात. २००९ मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने बनवलेला पहिला घट जेमतेम ३.८ टक्क्यांचा होता. आता एकट्या पेरोव्हस्काईटने २६ टक्के ओलांडले आहेत. सिलिकॉनवर पेरोव्हस्काईटचा थर चढवलेला जोडघट २०२४ मध्ये ३४.६ टक्क्यांपर्यंत पोचला, म्हणजे एकट्या सिलिकॉनची सुमारे २९.४ टक्क्यांची सैद्धांतिक मर्यादा त्याने केव्हाच मागे टाकली. हे आकडे नखाएवढ्या घटांचे आहेत, हे जाहिरात वाचताना विसरू नये. ऑक्सफर्ड पीव्ही या ब्रिटिश कंपनीने २०२४ मध्येच अमेरिकेतील ग्राहकाला पाठवलेली पहिली व्यापारी पॅनेले २४.५ टक्क्यांची होती. कॅडमियम टेल्युराईड मात्र प्रयोगशाळेतून कधीच बाहेर पडले आहे. फर्स्ट सोलर या अमेरिकी कंपनीचा ३.३ गिगावॉट क्षमतेचा कारखाना २०२४ पासून तमिळनाडूत चालू आहे. गॅलियम आर्सेनाईड उत्तम, पण इतके महाग की ते उपग्रहांवरच शोभते.

कोकणातील पहिली संधी छपरात आहे. काचेच्या सिलिकॉन पॅनेलचे वजन चौरस मीटरला साधारण ११-१२ किलो भरते. त्यात लोखंडी सांगाडा वेगळा. मंगळुरी कौलांच्या घरावर ते बसवायचे तर कौले उतरवून वाशांना पकडी माराव्या लागतात, आणि पकड जिथून बाहेर येते तिथले कौल नीट बसत नाही. मृगाच्या पहिल्या सरीत गळती नेमकी तिथूनच लागते. शिवाय दरवर्षी पावसाआधी घर शाकारायचे असते. वर पॅनेल असले की शाकारणी करणारा माणूस कौलांपर्यंत पोचणार कसा? स्लॅबची घरे याला अपवाद वाटतात, पण कोकणात स्लॅबही गळतो, म्हणून त्यावर लोखंडी पाइप उभे करून पत्र्याची शेड चढवलेली असते. ही शेड पाऊस अडवण्यापुरती केलेली असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा रायगड-रत्नागिरीत असे पत्रे उडून वाड्यावाड्यांत पडले होते. पत्र्याला थेट चिकटणारी, वाऱ्याला खाली शिरायला फट न देणारी नव्या पदार्थांची पातळ लवचीक फिल्म अशा छपरांना पटण्याजोगी आहे. अडचण एवढीच की पत्रा स्वतः गंजून दहा-पंधरा वर्षांत बदलावा लागतो, तेव्हा त्याला चिकटलेली फिल्मही जाते. पंचवीस वर्षांची हमी मागणारे गिऱ्हाईक येथे भेटणार नाही. भाव निम्मा लावला तर भेटेल.

दुसरी गोष्ट आकाशाची. सिलिकॉन सुमारे ११०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश वापरते, तर कॅडमियम टेल्युराईड साधारण ८५० पर्यंतचाच. हवेतील बाष्प ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषून घेते. दमट हवेत सिलिकॉनचे त्यामुळे नुकसान होते आणि कॅडमियम टेल्युराईडला त्याची झळ लागत नाही. फरक काही टक्क्यांचाच, पण किनाऱ्यावर तो वर्षाचे बारा महिने मिळतो. उष्णतेचेही तसेच. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्यावरचे पॅनेल ६० अंशांच्या वर तापते. सिलिकॉनचे उत्पादन २५ अंशांनंतर दर अंशाला ०.३ ते ०.३५ टक्के घटते. पेरोव्हस्काईटमध्ये ही घट बरीच कमी असते. जोडघटांबाबत मात्र सावध राहायला हवे. दोन्ही थर एकामागोमाग जोडलेले असतील तर ज्या थरातून कमी प्रवाह निघतो तोच सगळ्याला आवर घालतो. ढगाळ, बाष्पभरल्या उजेडात अवरक्त भाग कमी पडतो आणि खालचा सिलिकॉन थर उपाशी राहतो. प्रमाणित प्रकाशात मोजलेली कार्यक्षमता जुलैतल्या रत्नागिरीला तशीच लागू होत नाही.

लहान बाजारपेठाही आहेत. ट्रॉलरच्या केबिनवरचे दिवे, वायरलेस आणि जीपीएस यांना हलके, न फुटणारे पॅनेल सोयीचे. आंबा-काजूच्या कलमांच्या रोपवाटिकांत शेडनेटखाली तशीही सावली धरलेली असते. तिथे अर्धपारदर्शक सेंद्रिय घट वापरता येतील. बंदिस्त जागेतील मंद उजेडात रंजकद्रव्य घट आणि पेरोव्हस्काईट सिलिकॉनपेक्षा सरस ठरतात, म्हणून पॅकहाउस आणि शीतगृहातल्या तापमान-संवेदकांना ते चालतील. यातली प्रत्येक मागणी थोडी आहे, पण इथे वॉटमागे भाव कोणी विचारत नाही.

हमीचा प्रश्न मात्र याच किनाऱ्यावर सर्वांत अवघड आहे. पेरोव्हस्काईटला पाणी सोसत नाही. पॅनेलांची आंतरराष्ट्रीय चाचणी ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास घेतात, खाऱ्या धुक्याची चाचणी वेगळी. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने समुद्राकडून मीठ येत राहते. नट-बोल्टांना दोन पावसाळ्यांत तांबेरा चढतो, मग पाणी आत शिरू न देणाऱ्या पॅनेलच्या कडांच्या सीलबद्दल काय बोलावे? आयआयटी मुंबईत २०१० मध्ये राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन व शिक्षण केंद्र सुरू झाले. त्याच्या सहभागाने झालेल्या देशभरच्या पाहण्यांत मोठ्या प्रकल्पांपेक्षा लहान छतांवरील संच लवकर झिजल्याचे दिसले, तेही सिलिकॉनचे. नव्या पदार्थाने आधी येथे चार-पाच पावसाळे काढून दाखवावेत. किनाऱ्याला ग्राहक होण्याआधी चाचणीचे मैदान म्हणून मागणी यायला हवी, आणि तीही संधीच आहे.

जपानचे उदाहरण येथे जवळचे. सपाट जमीन कमी, छते कमकुवत, वादळे नेहमीची. जगातील सुमारे ३० टक्के आयोडीन जपानमध्ये निघते, त्यामुळे कच्चा माल घरचा. सेकिसुई केमिकलसारख्या कंपन्या पेरोव्हस्काईटची फिल्म बनवत आहेत आणि २०४० पर्यंत सुमारे २० गिगावॉटचे सरकारी उद्दिष्ट आहे. कोकणाची अडचण जपानसारखीच, पण त्यामागे तसे धोरण नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते, त्यासाठी घट आणि पॅनेल दोन्ही देशी लागतात. अनुदान क्षमतेवर ठरते. छप्पर किती वजन पेलते, याचा त्यात हिशेब नाही. त्यामुळे हलक्या पॅनेलचा जादा खर्च घरमालकाच्याच खिशातून जातो.

शिशाबद्दलची शंका रास्त आहे. पेरोव्हस्काईटच्या थरात चौरस मीटरला साधारण एक ग्रॅमच्या आत शिसे असते. सिलिकॉन पॅनेलच्या डाखकामातही शिसे असतेच, पण ते धातूरूप असते; पेरोव्हस्काईटमधले शिसे पाण्यात विरघळणाऱ्या क्षाराच्या रूपात असते. फुटलेल्या पॅनेलवरून वाहिलेले पाणी जांभ्याच्या भेगांतून विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी सौर पॅनेलांना कक्षेत घेतले आहे आणि २०३४-३५ पर्यंतचा कचरा साठवून ठेवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. वादळात उडून दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत पडलेले पॅनेल उचलून आणायचे कोणी, हे गावपातळीवर ठरवावे लागेल.