अंगण खरंच वाकडं असेल तर?

28 सप्टेंबर 2025 ला जपानमधल्या मोटेगीच्या ट्रॅकवर फ्रान्चेस्को बान्यायाने मोटोजीपीची, म्हणजे मोटरसायकलींच्या जागतिक स्पर्धेतली मुख्य शर्यत जिंकली. आदल्या दिवशीची छोटी शर्यत, म्हणजे स्प्रिंट, तीही त्यानेच मारली होती. पुढच्याच आठवड्यात इंडोनेशियात मंडालिकाला तोच माणूस, तीच लाल डुकाटी, आणि स्प्रिंटमध्ये नंबर सर्वात शेवटचा. रविवारी तर तो पडलाच. हा 2022 आणि 2023 चा जगज्जेता. 2024 मध्ये 11 मुख्य शर्यती जिंकूनही त्याचं विजेतेपद अवघ्या 10 गुणांनी हुकलं होतं. 2025 चा जवळजवळ सगळा मोसम तो एकच गोष्ट सांगत राहिला: ब्रेक दाबून वळणात शिरताना पुढच्या चाकाचं काही कळत नाही.

त्याच वर्षी त्याच संघात मार्क मार्केझने 11 मुख्य शर्यती जिंकून विजेतेपद नेलं. मग लोकांना निकाल द्यायला कितीसा वेळ लागतो? आमच्या सोलापुरात सात रस्त्याच्या टपरीवर असो की विजापूर रोडच्या गॅरेजात, मोबाइलवर रेस बघणाऱ्या पोरांचं मत पक्कं आहे: नाचता येईना, अंगण वाकडं. एक-दोघांनी तर बान्यायाला साडेसाती लागल्याचं अगदी मनापासून सांगितलं. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात. आठवड्याभरात पहिल्याचा शेवटचा का झाला, याचं कारण त्याच्या गतीत सापडणार नाही. ते शोधायचं तर टायर आणि रस्ता जिथे भेटतात तिथेच वाकून बघावं लागेल.

सोलापूरकरांना हे पटायला अडचण पडू नये. पूर्व भागातला यंत्रमाग कामगार उन्हाळ्यात म्हणतो, "आज सूत लई तुटायलंय." मालकाला वाटतं, याला काम नको आहे. पण कापसाचा धागा ओलाव्याने मजबूत होतो आणि कोरड्या हवेत कमजोर पडतो, म्हणून मागाच्या शेडमध्ये हवा दमट ठेवावी लागते. ताण्याचे धागे तुटण्याची तक्रार म्हणजे हवेतल्या आर्द्रतेचं वाचनच असतं, फक्त ते काट्यावर न दिसता हाताला लागलेलं असतं. रायडरच्या तक्रारीकडेही मी असंच बघतो. ती खरी की खोटी हे पुढचं. आधी ती नेमकी कशाचं वाचन आहे ते कळायला हवं.

तर पुढचं चाक रायडरला सांगतं तरी काय, आणि कसं?

आपले फिटर बॉल रेसर बदलतात, तिथून हँडलचा आस जातो. हा आस तिरका असतो. ती तिरकी रेषा मनातल्या मनात जमिनीपर्यंत वाढवा. ती जिथे टेकते ती जागा टायर टेकतो त्या जागेच्या साधारण 10 सेंटिमीटर पुढे असते. या अंतराला ट्रेल म्हणतात. वळणात रस्ता टायरला आडवा ढकलतो. ते आडवं बल गुणिले ट्रेल, एवढा पीळ हँडलवर येतो. शाळेतलं बलाचं आघूर्ण ते हेच. रायडरच्या तळव्यांना चोवीस पंचवीस फेऱ्या सतत हा पीळ लागत असतो.

आता टायरचा जमिनीवरचा ठसा बघू. तो साधारण तळहाताएवढा असतो. लांबी 12 सेंटिमीटर धरू. रबराची एक बारीक आडवी पट्टी या ठशात पुढच्या टोकाने शिरते तेव्हा तिच्यावर ताण नसतो. पण वळणात चाकाचं तोंड एका दिशेला आणि त्याची प्रत्यक्ष वाटचाल किंचित दुसऱ्या दिशेला असते. पट्टीचा खालचा पृष्ठ रस्त्याला चिकटलेला राहतो, वरचा टायर बाजूला सरकत जातो. त्यामुळे पट्टी ठशात जसजशी मागे जाते तसतशी ती जास्त ताणली जाते. पुढच्या टोकाला ताण शून्य, मागच्या टोकाला सर्वाधिक. आलेख काढला तर काटकोन त्रिकोण मिळतो. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य शाळेत शिकलेला असतो: तो जाड टोकाकडून एक तृतीयांश अंतरावर पडतो. म्हणजे या सगळ्या आडव्या बलाचा एकत्रित जोर ठशाच्या मध्यावर पडत नाही, तर लांबीच्या एक षष्ठांश मागे पडतो. 12 सेंटिमीटरच्या ठशात हे 2 सेंटिमीटर झाले. हा दुसरा, लपलेला ट्रेल. उघडा 10, लपलेला 2, मिळून हात 12 सेंटिमीटरचा.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट यापुढे घडते. रायडर आणखी जोर मागतो. सर्वात जास्त ताणलेल्या मागच्या पट्ट्यांची घर्षणाची मर्यादा आधी ओलांडली जाते आणि त्या सरकू लागतात. पुढच्या पट्ट्या अजून घट्ट धरून असतात. सरकणारा भाग मागून पुढे पसरत जातो, त्रिकोणाचं जाड टोक चपटं होतं आणि एकत्रित जोर ठशाच्या मध्याकडे येतो. म्हणजे लपलेला ट्रेल 2 वरून 1 वर, मग जवळजवळ शून्यावर. आणि या वेळी टायरची एकूण पकड मात्र अजून वाढतच असते! बल वाढतंय, हात आखडतोय. त्यामुळे हँडलवरचा पीळ ज्या प्रमाणात वाढायला हवा त्या प्रमाणात वाढत नाही. हँडल हलकं पडल्यासारखं वाटतं, आणि तेही पकड संपण्याच्या आधी. निसर्गाने टायरमध्ये धोक्याची घंटा बसवून दिली आहे, ती अपघाताच्या नंतर नाही, अगोदर वाजते. पहिल्या पावसात तेलकट झालेल्या रस्त्यावर वळताना ज्यांना हँडल एकदम पोकळ लागलं असेल, त्यांनी या घंटेचा शेवटचा टोला अनुभवला आहे.

पण घंटेचा आवाज किती बारीक आहे तेही बघा. 12 चे 10 होतात, म्हणजे फरक फक्त एक षष्ठांशाचा. तो ओळखायचा कधी, तर गाडी 60 अंशांहून जास्त झुकलेली, ब्रेक अजून दाबलेला, हातात जाड मोजे. ब्रेकनेही पकडीतला वाटा खाल्लेला असतो, कारण टायरची पकड ही एकच रक्कम आहे. लांबीच्या दिशेने जेवढी खर्चाल तेवढी आडव्या दिशेला कमी उरते, आणि हा हिशेब बेरजेने चालत नाही, पायथागोरसच्या प्रमेयासारखा वर्गांनी चालतो. अर्धी पकड ब्रेकला गेली तरी आडव्याला सुमारे 87 टक्के शिल्लक राहते. पण 90 टक्के ब्रेकला दिली की उरते जेमतेम 44. बान्याया ज्या भागात काम करतो तो हाच उताराचा भाग. वळणाच्या आत खोलवर ब्रेक नेणं ही त्याची ताकद. त्यासाठी ती बारीक घंटा स्वच्छ ऐकू यायला हवी. ती पुसट झाली तर त्याला दोनच वाटा उरतात: लवकर ब्रेक सोडून मागे पडायचं, नाहीतर अंदाजाने जाऊन कधीतरी पडायचं.

घंटा पुसट कशाने होते? एक कारण टायरमधल्या हवेचं. मोटोजीपीत पुढच्या टायरचा किमान दाब 1.8 बार (बार म्हणजे साधारण एका वातावरणाएवढा दाब) ठरवलेला आहे. हा वातावरणाच्या वरचा दाब. एकूण धरला तर 2.8. टायरमधली हवा 90 अंश सेल्सिअसवर असताना, म्हणजे 363 केल्विनला, हा दाब असेल आणि दुसऱ्याच्या मागे अडकल्यामुळे गार वारा न मिळून ती आणखी 20 अंशांनी तापली, तर दाब 2.8 गुणिले 20 भागिले 363, म्हणजे साधारण 0.15 बारने चढतो. ठसा लहान होतो, लांबी घटते, आणि तिच्या एक षष्ठांशावर बेतलेला लपलेला ट्रेलही घटतो. उलट बाजूचा किस्साही 2025 चाच आहे. थायलंडच्या पहिल्याच शर्यतीत आघाडीवर असलेल्या मार्केझने दाब कमी पडतोय हे पाहून धाकट्या भावाला, आलेक्सला, मुद्दाम पुढे जाऊ दिलं. त्याच्या मागच्या गरम हवेत टायर तापवून घेतला आणि शेवटी परत पुढे जाऊन शर्यत जिंकली.

हाच नियम आपल्या मे महिन्यातल्या टायरलाही लागू आहे, म्हणून जाता जाता पंपावरच्या "नायट्रोजन भरा, टायर तापत नाही" या प्रचाराबद्दल बोलायलाच हवं. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. उरलेला ऑक्सिजनही तापमान आणि दाबाचा तोच नियम पाळतो. रेसिंगला वायू कोरडा लागतो, कारण वाफेमुळे दाबाचा हिशेब चुकतो, आणि तिथे भांडण शतांश बारसाठी असतं. सोलापूर-अक्कलकोट जाणाऱ्या माणसाने सकाळी गार टायरवर दाब तपासून घ्यावा, तेवढं पुरतं. पैसे मोजून घेतलेल्या नायट्रोजनने टायर थंड राहत नाही.

दुसरं कारण चासीचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं, आणि त्याची साक्ष द्यायला व्हॅलेंटिनो रॉसीइतका मोठा माणूस नाही. 2011 मध्ये तो नऊ जागतिक विजेतेपदं घेऊन डुकाटीत गेला. दोन मोसम, एकही विजय नाही, आणि तक्रार हीच: पुढचं चाक कळत नाही. तेव्हाही लोक म्हणाले, याच कंपनीच्या गाडीवर केसी स्टोनर 2010 मध्ये तीन शर्यती जिंकला, मग तुला काय झालं? स्टोनरची प्रतिभा वादातीत आहे, पण या प्रश्नात एक गफलत आहे. गाडी खूप झुकलेली असते तेव्हा रस्त्याचे खड्डे-उंचवटे शॉकपच्या रेषेत धक्का देत नाहीत, आडवे देतात. शॉकप तिथे फारसं काही करू शकत नाही. ते काम चासीच्या किंचित लवण्यावर सोडलेलं असतं. डुकाटीची चासी तेव्हा कार्बन फायबरची होती, आणि ती फार ताठ असल्याचं मानलं जाई. 2012 पर्यंत कंपनीने ती टाकून ॲल्युमिनियमची फ्रेम घेतली. तरीही पुढच्या विजयाला 2016 चा ऑगस्ट उजाडला, ऑस्ट्रियात. रॉसी 2013 मध्ये यामाहावर परतला आणि त्याच वर्षी आसेनला जिंकला. हात तेच होते. स्टोनर घंटा न ऐकता धावू शकत होता, एवढाच त्याच्या तीन विजयांचा अर्थ. घंटा शाबूत होती असा नाही.

मार्केझचंही मला तसंच वाटतं. पुढचं चाक सुटल्यावर कोपर आणि गुडघ्यावर गाडी सावरणारा तो माणूस आहे. इतरांची मर्यादा संपते तिथून पुढे त्याच्याकडे अजून थोडी जागा असते. दोघांना एकच गाडी दिली म्हणजे दोघांना एकच माहिती मिळाली, असं होत नाही.

मग बान्यायाचं सगळंच खरं मानायचं? नाही. यामाहाच्या फाबिओ क्वार्तारारोने सरळ रस्त्यावर गाडी पळत नाही असं म्हटलं की वेगाचा आकडा कोणालाही तपासता येतो. पुढच्या चाकाच्या तक्रारीची कसोटी वेगळी लावावी लागते: एकच गोष्ट बदला आणि बघा. आरागॉनला 2025 मध्ये असं झालं. शनिवारी बान्याया पार मागे होता. रविवारी पुढे 355 मिलिमीटरच्या मोठ्या ब्रेक डिस्क लावल्या आणि तो तिसरा आला. ही तक्रार कसोटीला उतरली, निदान त्या दिवशी. स्प्रिंटच्या छोट्या टाकीमुळे पुढचं चाक कळत नाही, ही त्याची तक्रार मला कमी पटते. 22 ऐवजी 12 लिटर पेट्रोल, म्हणजे साधारण साडेसात किलो कमी वजन. रायडरसकट सुमारे 240 किलोत हे 3 टक्के. परिणाम शून्य नाही, पण मुख्य शर्यतीत तेवढं पेट्रोल जळून गेल्यावर गाडी जवळपास त्याच वजनावर येते, आणि तेव्हा तो तीच तक्रार त्याच जोराने करताना दिसत नाही. टाकीच्या आकाराने वजनाची जागा बदलत असेल, तर मोठ्या टाकीत कमी पेट्रोल भरून दोन्ही बाबी वेगळ्या करता येतात. अशी चाचणी त्याला कोणती टाकी बसवली आहे हे न सांगता घेतली, तर मी निकालावर डोळे मिटून विश्वास ठेवीन.

2027 पासून मोटोजीपीत 850 सीसीची इंजिनं येणार आहेत, धावत्या गाडीची उंची बदलणारी यंत्रणा बंद होणार आहे, आणि मिशेलिनच्या जागी पिरेलीचे टायर येणार आहेत. ठसा वेगळा, त्याची लांबी वेगळी, लपलेला ट्रेल वेगळा. ती घंटा कशी वाजते हे तेव्हा मार्केझसकट सगळ्यांना नव्याने ओळखावं लागेल, आणि पहिल्या चाचण्यांत कोण काय तक्रार करतो ते मी वही घेऊन ऐकणार आहे.