फादर कपॉन रक्तसाक्षी का ठरले नाहीत?

फादर एमिल कपॉन यांना कॅथलिक चर्चने संत ठरवावं, यासाठीचं प्रकरण १९९३ साली सुरू झालं. कॅन्ससमधल्या चेक वंशाच्या शेतकरी घरातला हा धर्मगुरू दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याबरोबर ब्रह्मदेशात आणि भारतातही होता, पण तो काळ या प्रकरणात जेमतेम डोकावतो. सगळा भर कोरियन युद्धावर.

नोव्हेंबर १९५०च्या सुरुवातीला उन्सान इथे चिनी फौजांनी त्यांच्या बटालियनला वेढलं. निसटायची संधी असूनही ते जखमींपाशी थांबले. एका जखमी सार्जंटवर रोखलेली रायफल त्यांनी हाताने बाजूला सारली आणि त्याला उचलून चालू लागले. पुढे यालू नदीकाठच्या प्योकटोंगच्या युद्धकैद्यांच्या छावणीत उपासमार, आमांश, उवा. उपाशी कैद्यांसाठी ते धान्य चोरून आणत, तेही येशूशेजारी क्रुसावर दिलेल्या पश्चात्तापी चोराचा धावा करून! २३ मे १९५१ रोजी, ३५व्या वर्षी, ते गेले.

वाद आहे तो या मृत्यूबद्दल. सुटून आलेले सोबती सांगत, की फादर दुखण्यातून सावरत होते, तरी पहारेकऱ्यांनी त्यांना ‘इस्पितळा’त हलवायला लावलं. तिथे औषधपाणी नव्हतंच. कैदी त्या जागेला मरणघर म्हणत. मग ही हत्याच नव्हे का? असेलही. पण रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेपायी मारला गेलेला, ठरवायचं तर मारणाऱ्याच्या मनात श्रद्धेचा द्वेष होता, हे दाखवावं लागतं. पहारेकरी त्यांच्या धर्माची टिंगल करत, हे खरं. मात्र न्यूमोनिया होता, पायात रक्ताची गाठ होती, आणि हाल तर सगळ्याच कैद्यांचे झाले. द्वेष कुठे संपला आणि निव्वळ हेळसांड कुठे सुरू झाली, हे कोण सांगणार?

२०१७ साली तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांनी संतपदाची नवी वाट खुली केली: प्रेमापोटी स्वेच्छेने प्राण देणं. ती या प्रकरणाला जास्त शोभते, कारण इथे मारेकऱ्याच्या मनात शिरावं लागत नाही. उन्सानला थांबण्याचा निर्णय फादरांचा स्वतःचा होता.

दरम्यान २०१३ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. २०२१ मध्ये हवाईतल्या लष्करी दफनभूमीतल्या अनोळखी अवशेषांतून त्यांचे अवशेष ओळखले गेले आणि विचिटाच्या कॅथेड्रलमध्ये आणले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच नव्या वाटेने ते ‘आदरणीय’ झाले, हा संतपदाआधीचा एक टप्पा. आता पुढच्या टप्प्यावर, म्हणजे ‘धन्यवादित’ ठरण्यासाठी एक चमत्कार सिद्ध व्हावा लागेल; रक्तसाक्षी मानले गेले असते, तर या टप्प्यावर तो लागला नसता.