फ्रेडीचे गुपित आणि रोजची एक गोळी

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या नावाने एक छोटे निवेदन निघाले: मला एड्स झाला आहे. दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय अवघे ४५. पाचगणीच्या शाळेत पियानो वाजवणाऱ्या फारोख बुल्साराचा (हे त्याचे मूळ नाव) हा आवाज पुढे जगाने डोक्यावर घेतला, पण त्याच्या दुखण्याचे निदान १९८७ मध्ये झाल्यावर ते मोजक्या जवळच्यांपुरतेच राहिले. स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रोच्या स्टुडिओत १९९१ च्या मेपर्यंत तो गात होता. शेवटी ब्राँकोन्यूमोनियाने घात केला. गायकाचा भाता म्हणजे त्याची फुप्फुसे, आणि एड्स बहुधा तिथेच गाठतो.

त्याने हे का लपवले असेल, ते गोव्याला वेगळे समजावून सांगायला नको. फेब्रुवारी १९८९ मध्ये डॉमनिक डिसोझा या नेमाने रक्तदान करणाऱ्या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही, म्हणजे एड्सचा विषाणू, सापडला. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि म्हापशात क्षयरोग्यांच्या एका जुन्या इस्पितळात ६४ दिवस एकटे ठेवले. गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच केलेली होती. उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो सुटला, ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये वारला. गुन्हा काहीच नव्हता. गुपित फुटले एवढेच.

त्या काळी औषध नव्हते असे नाही. मार्च १९८७ मध्ये एझेडटी या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली होती. पण एकटे औषध या विषाणूपुढे टिकत नाही. एचआयव्हीची जनुकीय संहिता साधारण ९,७०० अक्षरांची. तिची नक्कल करणारे त्याचे विकर (एन्झाइम) फार चुका करते, आणि उपचार नसलेल्या शरीरात दिवसाला अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. एवढ्या गर्दीत एझेडटीला दाद न देणारा एखादा निघतोच. बाकीचे मरतात, तो वाढतो आणि काही महिन्यांत औषध निकामी होते. तीन औषधे एकाच वेळी दिली तर तिन्हींना चुकवणारे बदल एकाच विषाणूत एकदम घडावे लागतात. तसे होणे जवळपास अशक्य. १९९६ च्या सुमारास हे उपचार रुळले आणि मृत्यू झपाट्याने घटले. फ्रेडीला पाच वर्षे कमी पडली.

आज सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचारांच्या केंद्रात, गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातही, अशी तीन औषधे एकाच गोळीत मोफत मिळतात: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. चुकते ते इथेच. गोळ्या वरचेवर चुकत गेल्या की रक्तातले औषध अर्धवट पातळीवर येते आणि विषाणूला वर सांगितलेली संधी मिळते. जहाजावर जाणाऱ्या तारवट्याने किंवा ट्रॉलरवरच्या माणसाने आधीच केंद्रावर सांगून पुरेसा साठा घ्यावा. गोळी राहिली तर आठवताच घ्यावी, मात्र दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत.

दुसरी चूक आम्लपित्ताच्या औषधाची. त्यातले ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात आणि ते रक्तात नीट उतरत नाही. म्हणून एचआयव्हीची गोळी अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. क्षयरोगावर रिफॅम्पिसिन सुरू असेल तर यकृत डोल्युटेग्राविर लवकर संपवते. त्यामुळे डॉक्टर १२ तासांनी ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी जोडतात. आपल्याकडे एचआयव्हीसोबत क्षयरोग वरचेवर आढळतो, म्हणून खोकला कितीही दिवसांचा असला तरी तो केंद्रावर सांगायलाच हवा.

औषध लागू पडते आहे का, हे व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचे प्रमाण, सांगतो. पहिली तपासणी ६ महिन्यांनी, पुढची १२ महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. एका मिलिलिटर रक्तात विषाणूच्या २०० हून कमी प्रती असतील आणि तशाच टिकल्या, तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे निःशंक सांगण्याइतका पुरावा आज हाती आहे, आणि ते घरोघरी पोचायला हवे.

खरा घात उशिरा होणाऱ्या निदानाने होतो. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात ५०० ते १,५०० सीडी-४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या संरक्षक पेशी, असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की न्यूमोसिस्टिससारखी बुरशी फुप्फुसात घर करते. ही वेळ यायला उपचाराविना बहुधा काही वर्षे लागतात, आणि तोवर माणूस धडधाकट दिसतो. भीतीपोटी नेमकी हीच वर्षे वाया जातात.

वास्तविक आता गुपित राखणे हा रुग्णाचा हक्क आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, संमतीशिवाय निदान कोणाला सांगता येत नाही (कायद्यातले मोजके अपवाद सोडून), एचआयव्ही आहे म्हणून कोणाला वेगळे कोंडता येत नाही, आणि न्यायालयात टोपणनावाने दाद मागता येते. चाचणी केंद्रात आधी समुपदेशक बोलतो, मग रक्त घेतात. पहिली चाचणी सकारात्मक आली तरी तेवढ्यावर निदान करत नाहीत. वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन चाचण्या जुळाव्या लागतात. नकारात्मक आली, पण धोक्याचा प्रसंग नुकताच घडलेला असेल, तर प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार व्हायला वेळ लागतो म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. प्रसंगाला ७२ तास व्हायच्या आत पोचल्यास २८ दिवसांची प्रतिबंधक औषधे देता येतात. जितक्या लवकर तितके बरे. कुठे जायचे हे विचारायला १०९७ हा फोन फुकट आहे.